आधी मैदान केलं, माणसं नंतर शोधली: परभणी जिल्ह्यातल्या एका लॉन बोल्स मंडळाचं प्रकरण

हे प्रकरण परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाचं आहे. गावाचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. मी या मंडळाचा पहिला चिटणीस. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. आजूबाजूच्या गावांतून दोन-तीन जणांनी विचारलं की असं मंडळ काढायचं तर कुठून सुरुवात करावी. त्यांना फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहून ठेवावं म्हणून हा खटाटोप.

पार्श्वभूमी

सुरुवात एका प्रवासी बॅगेतून झाली. गावातले एक निवृत्त बँक अधिकारी, त्यांना सगळं गाव काका म्हणतं, २०१९ साली ऑस्ट्रेलियात मुलाकडे सहा महिने राहून आले. घराजवळ लॉन बोल्सचं, म्हणजे गवतावर गोळे घरंगळत सोडण्याच्या खेळाचं, मैदान होतं. काका नातवाला घेऊन कडेच्या बाकावर बसायचे; महिन्याभरात तिथल्या म्हाताऱ्यांनी त्यांना हाताला धरून आत नेलं. परतताना त्यांनी चार जुन्या गोळ्यांचा एक संच आणला. एक गोळा साधारण दीड किलोचा, म्हणजे सामानातले सहा किलो त्यातच गेले. काकूंनी घेतलेली भांडी त्या पायी तिकडेच राहिली. पुढची तीन वर्षं तो संच बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात पडून होता.

२ ऑगस्ट २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० ने हरवून सुवर्णपदक मिळवलं. त्याआधी उपांत्य फेरीत न्यूझीलंडला १६-१३ ने हरवलं होतं. लॉन बोल्समधलं भारताचं ते पहिलंच राष्ट्रकुल पदक. १९३० साली या स्पर्धा सुरू झाल्या तेव्हापासून, १९६६ सालचा अपवाद सोडला तर, हा खेळ दर वेळी खेळला गेलाय. आपल्याकडे तो त्या दिवशी पहिल्यांदा बातम्यांत आला.

आमच्या गावात ती बातमी सगळ्यांत जास्त लागली ती मुलींच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षिकेला. मॅडमनी त्या चौघींची माहिती वाचून काढली. लव्हली चौबे आधी धावपटू होत्या, नयनमोनी सैकिया वेटलिफ्टर. दुखापतीमुळे दोघींना आपापला खेळ सोडावा लागला. पिंकी तर शाळेत क्रीडाशिक्षिकाच. मॅडमच्या शाळेत गुडघा दुखावून कबड्डी सोडलेल्या दोन मुली होत्या. दुसऱ्याच दिवशी मॅडम काकांच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, "काका, कपाट उघडा."

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झाल्यावर, शाळेच्या पटांगणात आम्ही पाच जण थांबलो. काका, मॅडम, एक डॉक्टर, मंगल कार्यालयाचे मालक आणि मी. मंडळाची पहिली बैठक ती. त्यात कागदावर काही लिहिलं नाही, ही पहिली चूक.

खेळ समजून घेण्यापुरता

आधी एक छोटा पांढरा चेंडू घरंगळत सोडायचा; त्याला इंग्रजीत जॅक म्हणतात, आमच्या मंडळातल्या पोरींनी पहिल्याच दिवशी त्याला लिंबू म्हटलं आणि तेच नाव राहिलं. मग दोन्ही बाजूंनी आळीपाळीने मोठे गोळे सोडायचे. लिंबाच्या सर्वांत जवळ ज्याचा गोळा त्याला गुण. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या गोळ्यापेक्षा जितके गोळे आत, तितके गुण. लिंबाला धक्का लागून ते हललं तरी चालतं. म्हणजे लक्ष्यच जागा बदलतं, आणि हरत आलेला डाव शेवटच्या गोळ्याला फिरतो. लहानपणी गोट्या खेळलेल्या माणसाला निम्मा खेळ आधीच येत असतो.

उरलेला निम्मा अवघड. गोळा पूर्ण गोल नसतो. एका अंगाला तो किंचित जास्त घडवलेला असतो, त्यामुळे सरळ न जाता त्या अंगाला वळतो, आणि वेग जसा कमी होतो तसं वळण वाढत जातं. आत शिसं भरलेलं असतं हा गैरसमज आहे. जुन्या काळी वजन घालत, आताचा कल सगळा आकारातून येतो. हा कल शब्दही आमच्या पोरींचाच. गोळ्याच्या ज्या बाजूला छोटी खूण असते, ती कलाची बाजू.

मैदानाचा हिशेब असा: लांबी ३१ ते ४० मीटर, जमीन सपाट, चारही कडांना चर. एका पट्ट्याची रुंदी ४.३ ते ५.८ मीटर. मैदान किती वेगवान आहे हे सेकंदांत मोजतात. गोळा २७ मीटरवर जाऊन थांबायला जितका जास्त वेळ घेतो, तितकं मैदान वेगवान. ऐकायला हे उलटं वाटतं. पण गुळगुळीत मैदानावर तेवढंच अंतर गाठायला गोळा हळू सोडावा लागतो, म्हणून वेळ जास्त. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

अडचण

आमच्याकडे चार गोळे होते, एक माहीतगार होता आणि खेळायची इच्छा होती. मैदान नव्हतं. अडचण मैदानाची आहे असं आम्हाला तेव्हा वाटलं आणि पहिले आठ महिने आम्ही त्यातच घालवले. आज मागे वळून पाहताना अडचणी तीन दिसतात: जमीन काळी, पाणी कमी, आणि खेळणारी माणसं पाचच. तिसरी सर्वांत मोठी होती. तिच्याकडे आम्ही सर्वांत शेवटी पाहिलं.

काळ्या जमिनीबद्दल मराठवाड्यातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. पावसात फुगते, उन्हाळ्यात इतकी भेगाळते की पाय अडकावा. कापसाला ती सोनं आहे. पण ज्या खेळात दोन बोटांचा उंचवटा गोळ्याची दिशा बदलतो, त्याला तिच्यासारखी वैरीण नाही.

समोर असलेले पर्याय

ऑक्टोबर २०२२ मध्ये आमच्यापुढे चार वाटा होत्या.

पहिली वाट पूर्ण आकाराच्या मैदानाची. ४० बाय ४० मीटर, म्हणजे १६०० चौरस मीटर, जवळपास १६ गुंठे. नगरपरिषदेच्या खुल्या जागेसाठी अर्ज करायचा आणि ठरावाची वाट पाहायची. काकांचा ओढा इकडे होता. त्यांनी तिकडचं हिरवंगार मैदान डोळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे त्यांना त्याहून कमी काही रुचेना.

दुसरी वाट कृत्रिम गवताची. ते नियमात बसतं, पाणी लागत नाही. पण विक्रेत्याने सांगितलेला आकडा आम्ही पाच जणांनी मिळूनही पेलला नसता, आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ च्या आसपास असताना ते गवत किती तापेल हा प्रश्न होताच.

तिसरी वाट मंगल कार्यालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत फक्त दोन पट्टे करण्याची. ३६ बाय १० मीटर, साडेतीन गुंठे.

चौथी वाट मॅडमनी सुचवली. घरात खेळायचा एक प्रकार असतो, त्याला शॉर्ट मॅट म्हणतात. ४० ते ४५ फूट लांब आणि ६ फूट रुंद चटई अंथरली की झालं. मॅडम म्हणाल्या, आषाढीनंतर लग्नं बंद होतात, हॉल रिकामा असतो, मांडववाल्याचं जाजम अंथरू आणि पोरींना शिकवू. या सूचनेवर आम्ही पाच मिनिटंही बोललो नाही. "जाजमावर कुठं लॉन बोल्स असतं का?" असं काका म्हणाले आणि आम्ही बाकीचे हसलो. मॅडम हसल्या नाहीत.

आम्ही तिसरी वाट धरली. जागेच्या मालकांनी तोंडी होकार दिला.

पहिलं मैदान आणि ते का फसलं

डिसेंबरमध्ये जागा साफ केली, काळ्या मातीवरच चार इंच मुरूम टाकला, रोलर फिरवला. गवंडी मिस्त्रींनी पाण्याची नळी लावून पातळी काढली. जानेवारी २०२३ मध्ये त्या उघड्या मुरुमावर आम्ही पहिला डाव खेळलो. डॉक्टरांनी सोडलेला तिसरा गोळा वळत वळत लिंबाला जाऊन टेकला तेव्हा काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तो दिवस आम्ही कुणी विसरणार नाही.

गोळे चारच होते, म्हणून त्याच महिन्यात सुताराकडून आणखी आठ करून घेतले. पूर्वी हे गोळे परदेशातही लाकडाचेच असत. सुतारकाकांना कल समजावायला मी फळ्यावर आकृती काढली. ती न बघताच ते म्हणाले, "चाक एका अंगाला जास्त तासलं की गाडी तिकडंच ओढतीया, तेच ना?" तेच होतं. त्यांनी बाभळीच्या लाकडाचे गोळे लेथवर घडवले आणि हाताने तासून कल आणला. घाई आमची होती, लाकूड पुरतं वाळू दिलं नाही. एप्रिलपर्यंत आठांपैकी सहा तडकले.

मैदानाचंही तेच झालं. मार्चच्या अवकाळीत खालची काळी फुगली, मग ऊन तापलं तशी आकसली, आणि एप्रिलच्या शेवटी मुरुमातून भेगा वर आल्या. मिस्त्रींनी पुन्हा नळी लावली तेव्हा एका टोकाला अडीच इंचांचा फरक निघाला. त्याच आठवड्यात लग्नाच्या जेवणाचं सामान घेऊन आलेला ट्रक त्याच जागेवर उभा राहिला, कारण ती कार्यालयाची गाड्या लावायची जागा होती आणि ट्रकवाल्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. चाकोऱ्या वीतभर खोल.

ट्रकवाल्यावर सगळे चिडले. चूक आमची होती. तोंडी परवानगीवर आम्ही जमीन बदलायला निघालो होतो.

पहिला निर्णायक वळसा: खणायचं की सोडायचं

मे २०२३ ची बैठक सर्वांत कडू झाली. डॉक्टर म्हणाले, हौस झाली, आता पुरे. काका गप्प. मॅडमनी पुन्हा हॉलचा विषय काढला आणि या वेळी कुणी हसलं नाही.

त्या रात्री दोन गोष्टी ठरल्या. आषाढीपासून हॉलमध्ये जाजमावर खेळ सुरू करायचा, आणि त्याची जबाबदारी पूर्ण मॅडमची. मैदान पुन्हा करायचं, पण काळी माती दोन फूट खणून बाहेर काढून. ३६० चौरस मीटरवर दोन फूट म्हणजे ७५ ब्रासच्या आसपास माती. ती टाकायची कुठं आणि तेवढा मुरूम आणायचा कुठून, पैसे कुणाचे?

तोड एका शेतकऱ्याने काढली. त्यांची मुलगी मॅडमच्या शाळेत. त्यांची चार एकर जमीन माळावरची, मुरमाड. तलावातला गाळ शेतात नेण्याची योजना, गाळमुक्त धरण-गाळयुक्त शिवार, त्यांनी पाहिलेली होती. ते म्हणाले, "तुमची काळी मला द्या, माझा मुरूम तुम्ही न्या. ट्रॅक्टर माझा, डिझेल निम्मं-निम्मं." मुरूम हे गौण खनिज, म्हणून तहसीलमध्ये रीतसर अर्ज करून रॉयल्टी भरली. यात दहा दिवस गेले. हे लिहून ठेवतो कारण "आपल्याच शेतातला मुरूम, कुणाला विचारायचं" असं म्हणणारे बैठकीत तिघं होते आणि ते ऐकलं असतं तर मंडळ जन्मायच्या आधी नोटीस आली असती.

मुरूम थरा-थराने टाकला, प्रत्येक थर भिजवून दाबला, वर बारीक खडी, त्यावर वाळू, माती आणि शेणखताचं पाच इंचांचं मिश्रण. भोवती पाणी निघून जायला चर. आणि मालकांशी अकरा महिन्यांचा लेखी करार, ज्यात गाड्या कुठे लागतील याचा नकाशा जोडला.

गवत कोणतं यावर फार चर्चा झाली नाही. उष्ण देशांत बोल्सच्या मैदानांवर जे बर्म्युडा गवत लावतात ती आपली हरळीच. गणपतीला वाहतो ती दूर्वा. जुलैमध्ये पाऊस लागल्यावर तिचे तुकडे रोवायला आम्ही बसलो तेव्हा त्या शेतकऱ्यांचे वडील बांधावर बसल्यासारखे कडेला बसून बघत होते. बराच वेळ बघून म्हणाले, "अख्खी हयात हरळी खणून काढण्यात गेली माझी. तुम्ही ती कामून लावायलाव?" मग स्वतःच उठून आले आणि काडी किती खोल रोवायची ते दाखवलं. ज्याने जन्मभर जिच्याशी झुंज घेतली, त्याच्याएवढं तिला कोण ओळखणार. आजही मैदानाची राखण तेच करतात.

त्या ऑगस्टने ओढ दिली. १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरात इतका कोरडा ऑगस्ट झालेला नव्हता. हरळी पिवळी पडली, तरी मुळं धरून राहिली. सप्टेंबरच्या पावसाने ती पुन्हा पसरली.

दुसरीकडे हॉलमध्ये

२०२३ ची आषाढी २९ जूनला होती. त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. कार्तिकी थेट २३ नोव्हेंबरला. लग्नाच्या हॉलला तो तोट्याचा काळ, आमच्यासाठी मात्र पर्वणी. मांडववाल्याने हिरवं जाजम भाड्याशिवाय दिलं, अट एकच की चप्पल काढून खेळायचं.

मॅडमनी सात मुलींपासून सुरुवात केली. जाजमाखाली फरशीचे सांधे लागायचे, गोळा उडायचा. मुलींनीच सांध्यांवर जुन्या सतरंज्या घातल्या. काकांचा ऑस्ट्रेलियातला मुलगा दिवाळीला आला तेव्हा त्याने आणि त्याच्या मित्राने एकेक जुना संच सामानात आणला. गोळे बारा झाले. मुलींमागे त्यांच्या आया येऊन बसू लागल्या. मग एके दिवशी एका आईने गोळा हातात घेतला.

हे सगळं आम्ही पुरुषमंडळी पाहायला जायचो तेव्हा मैदानाच्या पातळीची चिंता करत असायचो. मंडळ तिकडे तयार होत होतं.

दुसरा वळसा: नाव

नोव्हेंबरमध्ये नोंदणी करायचं ठरलं. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सदस्य लागतात आणि महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंद होते. काम जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात. कागदं जमवताना नावाचा प्रश्न आला. काकांना 'लॉन बोल्स क्लब' हवं होतं, तिकडे तसंच म्हणतात म्हणून.

तीन मुलींच्या घरून निरोप आला की क्लब असेल तर पोरी येणार नाहीत. आपल्या भागात क्लब म्हणजे पत्त्यांचा क्लब. तिथे कोण बसतं आणि पोलीस कधी येतात हे लहान पोरालाही माहीत. काकांना हे फार लागलं. मला वाटलं होतं की ते हट्ट धरतील. ते दोन दिवस आले नाहीत, तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "मंडळ लिहा." पुढे त्यांनी स्वतः त्या तिन्ही घरी जाऊन चहा घेतला. माझ्या मते मंडळाच्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय हा, आणि तो खर्च न करता झाला.

नोंदणीत एक गोष्ट आम्ही वेळेवर केली. विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. गावोगावच्या किती संस्था यात अडकून वर्षानुवर्षं जुन्याच नावांवर चाललेल्या असतात. आम्ही भिंतीवरच्या कालदर्शिकेत तारखा लाल करून ठेवल्या.

तिसरा वळसा: पाणी

फेब्रुवारी २०२४. आदल्या वर्षी पाऊस कमी, धरणं खालावलेली, आसपासच्या वाड्यांना टँकर. आणि आमच्या मैदानाला पाणी हवं होतं.

मी फळ्यावर हिशेब मांडला. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात गवत हिरवं ठेवायचं तर दिवसाला पाच मिलिमीटर धरा. ३६० चौरस मीटरला रोज १८०० लिटर. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर धरलेत. आमचं मैदान रोज ३३ माणसांचं पाणी पिणार. काकांच्या मनातलं पूर्ण मैदान झालं असतं तर रोज ८००० लिटर, १४५ माणसांचं.

दोन बाजू पडल्या. एका सदस्याचं म्हणणं: शेजाऱ्याच्या बोअरला पाणी आहे, तो फुकट देतोय, कुणाच्या तोंडचं आपण काढत नाही, सहा महिने राबून लावलेलं गवत मरू द्यायचं का? त्यांचं दुःख खोटं नव्हतं, सर्वांत जास्त हरळी त्यांनीच रोवली होती. दुसरी बाजू मुलींच्या आयांची. त्यातली एक बाई सकाळी चारला त्याच बोअरवाल्याच्या दारात घागर घेऊन उभी राहायची. ती बैठकीत एकच वाक्य बोलली: "गवताला पाणी सोडलं की मी इथं यायची नाही, आणि लेकीलाही पाठवायची नाही."

२०१६ सालचं बैठकीत कुणी काढायची गरज नव्हती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तेच होतं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने क्रिकेटचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. बोअर शेजाऱ्याचं असलं तरी जमिनीखालचं पाणी एकाच्या मालकीचं थोडंच असतं.

मतदान घेतलं. ११ विरुद्ध ४. नियमावलीत कलम आलं: तालुक्यात एकाही गावाला टँकर सुरू असेल तोपर्यंत मैदानाला पाणी द्यायचं नाही, कुणी फुकट दिलं तरी नाही. ज्यांनी विरोध केला त्यांतले एक सदस्य मंडळ सोडून गेले. ते परत यावेत असं मला आजही वाटतं.

मग एक अनपेक्षित गोष्ट झाली. मार्चमध्ये हरळी वाळून पिवळी, आखूड आणि टणक झाली, मरगळून पडली पण मेली नाही. मुलींनी पहाटे त्यावर गोळे सोडून पाहिले. घड्याळ लावलं. पावसाळ्यानंतर हिरव्या मैदानावर आमचे नऊ सेकंद होते, पिवळ्यावर बारा आले. मैदान वेगवान झालं होतं. गोळा रुंद वळण घ्यायला लागला आणि सगळ्यांना नव्याने शिकावं लागलं. वाळलेल्या गवताची झीज लवकर होते, म्हणून आठवड्यातून दोनच पहाटे, आणि दर वेळी पट्टा बदलून. जूनच्या दुसऱ्या पावसानंतर हरळी आपोआप हिरवी झाली.

कुठवर आलं

आज मंडळाचे २६ सदस्य आहेत, त्यांत १७ मुली आणि बायका. पावसाळ्यात हॉल, ऑक्टोबर ते जानेवारी मैदान, उन्हाळ्यात आठवड्याला दोन पहाटे. काकांना २०२४ च्या शेवटी मुलाकडे कायमचं जावं लागलं. जायच्या आधी अवघड प्रश्न उभा राहिला: गोळे कुणाचे? पहिला संच त्यांचा, बाकीचे त्यांच्या मुलाने आणि मित्राने आणलेले, पण कुठेच नोंद नव्हती. काकांनी स्वतःच दानपत्र लिहून दिलं. डेडस्टॉक रजिस्टरच्या पहिल्या पानावर पहिली नोंद त्या चार गोळ्यांची आहे, आणि तिसरी बाभळीच्या न तडकलेल्या दोन गोळ्यांची. त्या दोघांवर नवे सदस्य पहिला धडा घेतात.

स्पर्धा म्हणाल तर मोठं काही झालेलं नाही. बाहेरचा संघ अजून गावात आलेला नाही. गुडघा दुखावलेल्या त्या दोन मुलींपैकी एक आता महाविद्यालयात आहे आणि मैदानाची सेकंदांची वही तीच ठेवते.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅडमचं ऐकून थांबलो असतो आणि पुढच्या आषाढीला हॉलमध्ये सुरुवात केली असती, तर वाया गेलेलं पहिलं मैदान झालंच नसतं. हॉलला जाजम लागतं आणि माणसं लागतात. माणसं जमली की शेतकरी मुरूम घेऊन येतो. आमच्याकडे ते उलट्या बाजूने सुरू झालं आणि नशिबाने सावरलं.

ज्यांना दोन फूट खणणं परवडत नाही त्यांनी काळ्या जमिनीवर मैदान करूच नये, हॉलमध्येच खेळावं. चार इंच मुरुमाचा मधला मार्ग नाही.

लाकडी गोळे करायचे तर लाकूड सावलीत वर्षभर वाळू द्या. सुतारकाकांनी हे आम्हाला सांगितलं होतं.

पाण्याचं कलम नोंदणीच्या वेळीच घालायला हवं होतं. दुष्काळ नसताना ते एका बैठकीत एकमताने झालं असतं आणि एक माणूस गमावला नसता. टंचाईत घातलेला नियम कुणाच्या तरी विरुद्ध घातल्यासारखा होतो.

एका बाबतीत मी अजून साशंक आहे. वेळा आम्ही मुलींच्या शाळेच्या आणि बायकांच्या स्वयंपाकाच्या सोयीने ठेवल्या, त्यामुळे शेतावर जाणारे पुरुष येऊ शकत नाहीत. ज्यांच्या ट्रॅक्टरने मैदान उभं राहिलं ते शेतकरी अजून एकदाही पूर्ण डाव खेळलेले नाहीत. येत्या चातुर्मासात रात्री जेवणानंतरची एक वेळ ठेवून पाहणार आहोत. हॉलच्या मालकांनी दिव्यांच्या बिलाचं विचारलंय, त्यावर पुढच्या बैठकीत बोलायचं आहे.